मोडक्या रॉडांवरून ब्रँडची पारख

माझ्याकडे गळाने मासे गरवायचा रॉड येतो तो मोडल्यावर. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर पडवीत एक टेबल टाकलं. टिप बदलायची, दोरा ओवायच्या रिंगा नव्याने बांधायच्या, सैल झालेला जॉइंट बसवायचा, असली कामं करतो. रत्नागिरीत भगवती बंदराच्या खडकांवर, मांडवीच्या जेटीवर, भाट्याच्या खाडीत गरवणारे लोक येतात आणि पैसे देता देता बहुतेकांचा एकच प्रश्न असतो, "काका, पुढचा घेताना कुठल्या कंपनीचा घेऊ?"

एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ आहेत. मी देत नाही. कारण एकाच कंपनीचे दोन रॉड माझ्या टेबलावर शेजारी पडलेले असतात. एक बरीच वर्षं खाऱ्या पाण्यात राबून फक्त टोकाची रिंग झिजलेला, दुसरा पहिल्याच पावसाळ्यात सगळ्या रिंगांच्या पायाशी तांबडा झालेला. नाव दोघांवर तेच, अक्षरांचं वळणही तेच. पत असते ती मॉडेलची, आणि तीसुद्धा त्या मॉडेलला सुटे भाग कुठले लावलेत त्यावर ठरते. ती पारखायची कशी ते सांगतो.

मोडला, पण कुठे?

"अमक्या कंपनीचा घेऊ नका, माझा मोडला" असं कोणी म्हणालं की आधी विचारा, कुठे मोडला? टोकाकडचा फूट-दीड फूट गेला असेल तर कंपनीला शिव्या द्यायची घाई नको. असे रॉड बहुतेक वेळा माशाने मोडलेलेच नसतात. गाडीच्या दारात सापडतात, घरातल्या पंख्यात जातात, स्कूटरवर मागे बसलेल्याच्या हातातून फांदीला अडकतात. आणि मासा लागलेला असताना मोडला, तर तो मासा पायाशी आल्यावर मोडतो. तांबोशी मासळी जेटीच्या भिंतीशी आली की माणसाला धीर धरवत नाही, रॉड सरळ उभा करून तिला वर उचलायला जातो. ओढ रॉडच्या खालच्या जाड भागाने घ्यायची असते. दांडा उभा केला आणि दोरा त्याला जवळजवळ समांतर खाली गेला, की सगळा बाक टोकाच्या वीतभर भागात येतो. तिथे कुठल्याच कंपनीचा रॉड टिकणार नाही. जाळं ठेवा, नाहीतर हातमोजा घालून दोरा धरून मासा उचला.

मधेच मोडला असेल, आणि तोही फारसा जोर नसताना, तर मोडल्या जागेच्या आसपास नख फिरवून बघा. फेकताना शिसं ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ नळीवर, आपटलेलं असतं, किंवा रॉड जांभ्याच्या खडबडीत दगडावर आडवा टाकून माणूस चारा लावत बसलेला असतो. कार्बनच्या नळीचा एवढासा टवका उडाला तरी ती तिथे कमजोर होते. मोडते मात्र नंतर कधीतरी, हलक्या ओढीला. मग मालक म्हणतो, "काही नव्हतं हो, बोटभर मासा होता." मासा बोटभरच होता, पण घाव जुना होता.

जॉइंटपाशी बाहेरच्या तुकड्याची कड उभी चिरली असेल तर दोन शक्यता. टोकाचा तुकडा नीट बसवला नव्हता, फेकता फेकता सैल झाला, आणि तो तसाच वापरला गेला. हे बहुतेकदा मालकाच्या खाती जातं. पण त्या कडेला धाग्याची पक्की गुंडाळी आणि वर एपॉक्सीच्या लेपाची काच असायला हवी होती, आणि ती नावापुरतीच होती किंवा नव्हतीच, तर मात्र कंपनीने तिथे पैसे वाचवलेत असं खुशाल समजा.

मुठीच्या लगत वर मोडणं सगळ्यात बोलकं. तो भाग जाड, त्याला सहसा कोणी काही आपटत नाही. माणसाने ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, पूर्ण आवळून, लिहिलेल्यापेक्षा दुप्पट जाड दोरा भरून खडकात अडकलेला गळ ओढला नसेल, आणि तरी रॉड तिथून गेला, तर ब्लँकच कच्चा होता. असा एकाच मॉडेलचा दुसरा आणि तिसरा तुकडा समोर आला की ते मॉडेल मी मनातून काढून टाकतो.

खरं सांगायचं तर आपल्या किनाऱ्यावर रॉड मोडून कमी मरतात आणि गंजून जास्त. रिंगेतला चिनी मातीसारखा दिसणारा कडा सुटून पडतो, रिंगेचा पाय धाग्याखाली गंजून फुगतो, रीळ बसवायच्या सीटचं पेच धरेनासं होतं. या गोष्टी मालकाच्या हलगर्जीपणाने लवकर होतात हे कबूल. गोड्या पाण्याने धुवायचा कंटाळा सगळ्यांनाच. तरी कुठली कंपनी कुठे काटकसर करते ते इथेच दिसतं, कारण ग्राहक दुकानात रॉड हलवून बघतो, पण रिंगेचा पाय बघत नाही.

एक इशारा माझ्याच टेबलाबद्दल देतो. माझ्याकडे एका ठरावीक कंपनीचे रॉड सगळ्यात जास्त येतात. म्हणून ती कंपनी वाईट आहे का? मुळीच नाही. रत्नागिरीत तिचाच माल सगळ्यात जास्त विकला जातो, म्हणून मोडलेलाही तिचाच जास्त दिसतो. जो रॉड गावात दोघांकडेच आहे त्याबद्दल तक्रार ऐकू येत नाही, यात त्या रॉडची काही कर्तबगारी नाही. कोणी "या ब्रँडच्या फार तक्रारी आहेत" म्हणालं की तो ब्रँड खपतो किती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नाव कशावर कमावलंय?

मोठ्या नावांचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा, दुकानदारापुढे बावळट दिसायला नको. शिमानो ही १९२१ साली जपानातल्या साकाई गावात सुरू झालेली कंपनी. सायकलचे सुटे भाग हा तिचा मूळ धंदा, मासेमारीच्या सामानात ती १९७० साली उतरली. पेन १९३२ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात निघाली, रीळं बनवायला. अबू हे नाव स्वीडनमधल्या घड्याळांच्या कारखान्यातून आलेलं. १९२१ साली तो निघाला, मग तिथे टॅक्सीचे मीटर बनले आणि पुढे रीळं. म्हणजे या घराण्यांची कीर्ती आधी गिअर आणि बेअरिंगवर उभी राहिली. बारीक मशिन काम हा त्यांचा हातखंडा. म्हणून रीळ उत्तम आहे तर रॉडही तसाच असणार, असं धरून चालू नये. त्यांच्याकडे अव्वल रॉड आहेत, पण ते त्यांच्या यादीत वरच्या अंगाला. तळाच्या किमतीला या कंपन्याही बाकीच्यांसारखाच हिशोब करतात, आणि तिथे पैशातला काही हिस्सा तुम्ही नावाला देत असता.

उलट उदाहरण अग्ली स्टिकचं. शेक्सपिअर कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणला. कार्बन आणि ग्लास मिसळलेला ब्लँक, टोकाला भरीव फायबर ग्लास. वजनाला जड, हाताला मंद, माशाने चाऱ्याला नुसतं तोंड लावलं तर पत्ता लागेलच असं नाही. पण त्याने नाव कमावलं ते रॉड म्हणूनच, आणि तेही एकाच गुणावर, सहजासहजी न मोडण्याच्या. घरात पोरं असतील, बोटीवर सामान फेकाफेकी होत असेल, तर हा गुण लाखमोलाचा. खाडीत हलका लुअर, म्हणजे खोटा चारा, घेऊन जिताड्याच्या मागे दिवसभर फिरणाऱ्याला तोच रॉड संध्याकाळी नकोसा होईल. तेव्हा नुसतं "चांगलं नाव आहे" एवढं पुरत नाही, नाव कशासाठी चांगलं आहे हे बघा.

मालकीही बघावी. पेन, अबू गार्सिया, शेक्सपिअर, अग्ली स्टिक, बर्कली, फेनविक ही सगळी नावं आज प्युअर फिशिंग या एकाच अमेरिकी कंपनीच्या छत्राखाली आहेत. जी. लूमिस हे रॉडमधलं भारी नाव १९९७ पासून शिमानोचं आहे. दायवा या जपानी ब्रँडची मूळ कंपनी २००९ पासून ग्लोबराइड म्हणवते. त्यामुळे जेटीवर "पेन बरा की अबू बरा" यावर दोन मित्र तावातावाने भांडताना ऐकलं की मला हसू येतं, दोघांचे पैसे जायचे एकाच गल्ल्यात. विकत घेतल्यावर माल बिघडतोच असं नाही, पण वीस वर्षांपूर्वी दुबईहून मामांनी आणलेल्या रॉडचा अनुभव आजच्या मालाला लावू नये, एवढं नक्की.

"चायनाचा आहे का?" हा प्रश्न तर रोजचा. चीनच्या शान्तुंग प्रांतात वैहाई नावाचं शहर आहे, रॉड बनवणाऱ्या कारखान्यांची तिथे दाटी आहे. जगातल्या कितीतरी ब्रँडांचा माल त्या भागातून निघतो, चांगलाही आणि टाकाऊही. कारखाना तोच असला तरी ब्रँडने सांगितलं तसं तो बनवतो. स्वस्त रिंग लाव म्हटलं तर स्वस्त लावतो, प्रत्येक नग तपासून दे म्हटलं तर तपासून देतो आणि पैसे घेतो. मी देशापेक्षा मोकळेपणा बघतो. सेंट क्रॉय कंपनीचे दोन कारखाने आहेत, एक अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पार्क फॉल्सला आणि दुसरा मेक्सिकोत फ्रेस्निलोला. कुठली मालिका कुठे बनते ते कंपनी स्वतःच सांगते. याउलट रॉडवर "जपान टेक्नॉलॉजी" असं मोठ्या सोनेरी अक्षरांत असेल आणि कुठे बनला ते बारीकही लिहिलेलं नसेल, तर तो रॉड खाली ठेवा.

कार्बनचे आकडे

या आकड्यांनी लोकांचं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. आयएम ६, आयएम ७, आयएम ८ ही नावं मुळात हर्क्युलिस या अमेरिकी कंपनीच्या कार्बन धाग्यांची. पुढे ती रॉडच्या धंद्यात इतकी सैल वापरली गेली की आज आयएम ८ छापायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन वेगळ्या ब्रँडांचे आयएम ८ एकमेकांशी ताडून काही उपयोग नाही. एकाच ब्रँडच्या यादीत खालचा-वरचा क्रम समजायला तेवढा उपयोग.

टनांचा आकडा त्यातल्या त्यात अर्थपूर्ण. २४ टन, ३० टन, ४० टन म्हणजे धागा किती ताठ आहे त्याचं माप. २४ टन म्हणजे साधारण २३५ गिगापास्कल, ४० टन म्हणजे ३९२ च्या आसपास. लोकांना वाटतं टन म्हणजे ताकद, जितके जास्त तितका रॉड मजबूत. तसं नाही. टन वाढले की धागा ताठ होतो, म्हणून भिंत पातळ ठेवता येते, रॉड हलका आणि हाताला चपळ लागतो, पण आपटला तर माफ करत नाही. एसटीच्या पाट्यांच्या स्प्रिंगेसारखंच आहे, फार कडक पाटा खड्ड्यात तडकतो आणि जरा नरम पाटा वर्षानुवर्षं गाडी ओढतो. खडकांवर गरवणाऱ्याला मी २४ ते ३० टनांच्या वर जाऊ नका असंच सांगतो.

टी ७०० असं काही लिहिलेलं दिसलं तर ते टन नव्हेत. टोरे या जपानी कंपनीच्या धाग्याचं ते नाव. त्याचा ताठपणा २३० गिगापास्कल, म्हणजे २४ टनवाल्यांच्याच पंगतीत, फक्त तुटेपर्यंत ओढ जास्त घेतो. तेव्हा सातशे आकडा बघून भुलू नका. आणि सात-आठशे रुपयांच्या टेलिस्कोपिक, म्हणजे नळ्या एकात एक सरकणाऱ्या, रॉडवर "९९ टक्के कार्बन" लिहिलेलं असेल तर त्यावर वेळ घालवायलाच नको. असले मोडके तुकडे माझ्याकडे येतात तेव्हा मल्टिमीटरच्या दोन्ही सुया मोडल्या कडेला लावून बघतो. कार्बन वीज वाहून नेतो, काटा हलतो. कित्येकदा काटा जागचा हलत नाही, म्हणजे आत निव्वळ ग्लास.

यावरून आठवलं. कार्बनचा रॉड घेऊन विजेच्या तारांखाली उभे राहू नका, आणि वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून आडोशाला जा. खाडीकाठाने तारा फार खालून गेलेल्या असतात.

दुकानात जाताना खिशात काय असावं

तुमचं स्वतःचं रीळ, थोडा कापूस, आणि फ्रीजला लावतात तसलं एखादं लोहचुंबक. दुकानदार हसला तर हसू द्या.

चुंबक रिंगेच्या धातूच्या चौकटीला लावा. टच्चकन चिकटलं तर आत साधं लोखंड आहे आणि वर क्रोमचा मुलामा. पहिल्या वर्षी झळकेल, मग धाग्याखालून गंज येईल. चांगल्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही, किंवा अगदी जेमतेम ओढतो. ठोकून आकार दिलेल्या स्टेनलेसमध्ये थोडी ओढ येते, तेवढ्यावरून घाबरू नका. टायटॅनियमला चुंबक अजिबात लागत नाही, पण टायटॅनियमची चौकट स्वस्त रॉडला कोणी लावत नाही. सगळ्या रिंगांना लावून बघा. मुठीजवळची पहिली मोठी रिंग चांगली आणि वरच्या बारक्या हलक्या, असा प्रकार सर्रास चालतो, कारण गिऱ्हाईक पहिलीच बघतं.

कापूस प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा. कुठे तंतू अडकला तर कडा तडकलेला किंवा खडबडीत आहे. नवीन रॉडलाही हे होतं, वाहतुकीत दणके बसलेले असतात. तसल्या कड्यावरून ब्रेडचा, म्हणजे वेणीसारखा विणलेला, दोरा चार दिवसांत फाटतो, आणि दोष दोऱ्याला मिळतो. तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनचा दोरा, वापरणार असाल तर थोडं निभावतं. ब्रेड वापरणार असाल तर आत सिरॅमिकचा कडा हवाच. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पुरतो, सिलिकॉन कार्बाइडचा आणखी टणक. नुसत्या धातूच्या रिंगेला ब्रेड करवतीसारखा खाच पाडतो. अंगठ्याने कडा हलकेच दाबून बघा, डुगडुगायला नको. रिंगा फुजीच्या असतील तर बरंच काम झालं. जपानातल्या शिझुओकाची ही कंपनी, जगातले बरेच रॉडवाले तिच्याच रिंगा आणि सीट घेतात. कुठल्याही ब्रँडच्या माहितीपत्रकात रिंगांचा बनवणारा आणि प्रकार लिहिलेला आहे का ते बघा. चांगला माल लावणारा तो लिहिल्याशिवाय राहत नाही.

मग रिंगा मोजा. रॉड जितके फूट, साधारण तितक्या रिंगा आणि वर एक टोकाची. आठ फुटी रॉडला पाचच रिंगा असतील तर वाकल्यावर दोरा ब्लँकला घासणार. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघा, रिंगा एका रेषेत हव्यात. एखादी तसूभर तिरकी असेल तर दुसरा नग मागा. सगळेच नग तिरके असतील तर त्या कारखान्यात शेवटची तपासणी कोणी करत नाही, एवढं तुम्हाला कळलं.

धाग्याच्या गुंडाळीवरचा एपॉक्सी काचेसारखा सलग हवा. बुडबुडे, ओघळ, रिंगेच्या पायाशी पांढरी केसासारखी रेघ, यातलं काही दिसलं तर खारं पाणी आत जायची वाट तयार आहे.

जॉइंट जोडा आणि सोडवा, दोनदा. बसताना घट्ट होत जायला हवा, टक् आवाज येऊन मधेच अडकायला नको. आतून भरीव गज असलेला जॉइंट असेल तर जोडल्यावर दोन तुकड्यांमध्ये अर्धा-एक सेंटीमीटर फट राहते. ती असावीच लागते, झिजत जाईल तशी ती भरते. दोन्ही कडा नव्यातच भिडल्या असतील तर वर्षभरात टोकाचा तुकडा फेकीबरोबर समुद्रात जाईल.

मग आपलं रीळ सीटमध्ये बसवून आवळा आणि मुठीला धरून झटके द्या, रीळ हलायला नको. सगळ्यात स्वस्त रॉडांना इथेच उघडं पडायला होतं. मुठीच्या फोमबद्दल किंवा बुचाबद्दल फार चिकित्सा नको, खाऱ्या पाण्याला फोम बरा.

शेवटी वजन. ताकद सारखी, लांबी सारखी, आणि दोन्हींवर "कार्बन" लिहिलेलं असताना एक रॉड दुसऱ्यापेक्षा चांगलाच जड लागला, तर त्यात ग्लासचं प्रमाण जास्त आहे. ग्लास असणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे.

दुकानात टोक छताला टेकवून रॉड वाकवू नका. काही दुकानदार स्वतःच तसं करून दाखवतात. असा दाखवलेला नमुना विकत घेऊ नका.

कोणाला विचारावं आणि काय विचारावं

रॉड हातात आल्या-आल्या लिहिलेलं कौतुक वाचून काहीच कळत नाही. वाचायचं ते एक पावसाळा काढलेल्या माणसाचं. व्हिडिओ करणाऱ्याला रॉड कंपनीकडून मिळालाय का, तो दोन महिन्यांनीही तोच रॉड वापरताना दिसतो का, हे बघा. मुंबईच्या माणसाने तलावावर कटला धरून दिलेलं प्रमाणपत्र आपल्या खडकांना चालेलच असं नाही. लोणावळ्याकडच्या गोड्या पाण्यात जी रिंग दहा वर्षं टिकते, ती मिऱ्या बंदराच्या तुषारात दोन वर्षं टिकली तरी पुष्कळ.

मी ओळखीच्याला सांगतो, उन्हं कलताना जेटीवर जा आणि ज्याचा रॉड जुना दिसतोय त्याच्याशी बोला. चार गोष्टी विचारा. दोरा किती पौंडाचा भरतोस, रिंग कधी बदललीस का, मोडला तेव्हा कंपनीने काय केलं, आणि पुन्हा हाच घेशील का? शेवटच्या प्रश्नाला माणूस जरा थांबला तर ते थांबणंही ऐका. मिरकरवाड्याकडचे एक जुने गरवणारे आहेत, त्यांना ब्रँडच माहीत नाही, अक्षरं कधीच पुसली गेलीत. रॉड कसला म्हटलं तर म्हणाले, "गरवाक बरो आसा, तुका नाव कित्याक होया?" ते मूळचे मालवणचे.

बिल, लेबल आणि वॉरंटी

बाहेरून आलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं आपल्याकडे कायद्याने सक्तीचं आहे. ऑनलाइन विक्रेत्यालाही देशाचं नाव दाखवावं लागतं. हे लेबल म्हणजे नकली माल ओळखायची सगळ्यात सोपी खूण. नामांकित जपानी नाव, निम्मी किंमत आणि आयातदाराचा पत्ताच नाही, असा रॉड एकतर नकली असतो किंवा आडवाटेने आलेला. आडवाटेने आलेला अस्सल असू शकतो, पण मोडला की त्याला वाली नाही.

वॉरंटीचं पान उघडून वाचा. "लाइफटाइम" लिहिलेलं असलं तरी ती बहुधा पहिल्या खरेदीदारालाच असते, बिलासकट, आणि फक्त बनवण्यातल्या दोषाला. परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या रॉडची ती इथे चालते का हे आधी विचारा. त्याहून कामाचा प्रश्न असा, या मॉडेलचा नुसता टोकाचा तुकडा इथे मिळतो का आणि किती दिवसांत? या एका प्रश्नाला जो विक्रेता नीट उत्तर देतो त्याचा ब्रँड मी दुसऱ्यापेक्षा वरचा मानतो, भले कागदावरची वॉरंटी छोटी असो. टेलिस्कोपिकमध्ये तर हे फारच बघावं लागतं. मधला एक नळा गेला की तोच नळा दुसरीकडे कुठे मिळत नाही, आणि वाळू गेल्याने ते नळे झिजतात लवकर.

घरी आल्यावर, माल परत करायची मुदत असेपर्यंत, एकदा ओढून बघा. सामान तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा खांबाला बांधा, दोरा सगळ्या रिंगांतून ओवून काट्याला अडकवा, डोळ्यांना चष्मा लावा. रॉड जमिनीशी ४५ अंशात धरून हळूहळू ओढ वाढवा. रॉडवर २० पौंडांपर्यंतचा दोरा लिहिला असेल तर २० पौंड म्हणजे ९ किलो, त्याचा तिसरा हिस्सा ३ किलो. तेवढ्यावर थांबा. बाक टोकापासून मुठीकडे सलग उतरायला हवा, कुठे कोन पडलेला नको, दोन रिंगांमधला दोरा ब्लँकला टेकायला नको, कट् आवाज तर नकोच. एवढ्या ओढीला रॉड गेला तर दोष तुमचा नाही. मोडले तुकडे, लेबल, बिल, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. तो टोलवाटोलवी करायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तोवर तुकड्यांना फेव्हिक्विक लावू नका, चिकटवलेला जोड दिसला की तक्रार तिथेच संपते.